नदीकाठाचा आराखडा कोणी काढायचा?

१. नदी नेमकी कोणाच्या ताब्यात असते?

"नदी शहरातून वाहते, शहर महापालिका चालवते, मग महापालिका नदी का सुधारत नाही?" पुण्यात पुलावर गाडी थांबली आणि नाकाला रुमाल लागला की हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की नदी महापालिकेची आहे.

मुठेचंच उदाहरण घेऊ. तिचं पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत अडवलेलं असतं. त्यातलं किती, कधी सोडायचं हे जलसंपदा खातं ठरवतं. जुने लोक त्याला अजून 'पाटबंधारे'च म्हणतात. पुराच्या रेषा आखण्याचं कामही त्याच खात्याचं. पात्राची जमीन सरकारी, म्हणजे दप्तर महसूल खात्याकडे. घराघरातून निघणाऱ्या मैलापाण्याची जबाबदारी महापालिकेची, पण नदीच्या पाण्याचे नमुने तपासतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. काठावरचं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. काठाचे काही तुकडे कॅन्टोन्मेंटमध्ये, काही लष्कराकडे, काही खासगी सातबाऱ्यावर.

मुळेची तर आणखी गंमत. तिच्या उगमाकडचं मुळशी धरण टाटांच्या वीज कंपनीचं. खाली शहरात आल्यावर एका तीरावर बाणेर, औंध, बोपोडी, म्हणजे पुणे महापालिका. समोरच्या तीरावर पिंपळे निलख, सांगवी, दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. उन्हाळ्यात जलपर्णी वाढली की एका महापालिकेने आपल्या बाजूची काढायची आणि दुसरीची निविदा निघेपर्यंत ती वाहून पुन्हा पहिलीच्या हद्दीत यायची. दापोडीला पवना मुळेला मिळते, संगम पुलाजवळ मुळा-मुठा एक होतात आणि मग बंडगार्डन, मुंढवा, मांजरी असं करत ही नदी भीमेला मिळून उजनीच्या जलाशयाकडे जाते.

इतक्या दप्तरांत विभागलेल्या नदीचं आणि तिच्या दोन्ही काठांचं मिळून नियोजन करणं, याला या प्रकरणात आपण 'नदीपट्ट्याचं नियोजन' म्हणू. पट्टा म्हणजे पाणी, पात्र, पूर पसरतो ती जमीन, काठावरची झाडी, येऊन मिळणारे ओढेनाले आणि तिथे वावरणारी माणसं. ते एकट्याने करता येत नाही असं सगळेच म्हणतात. का करता येत नाही, ते मात्र आकड्यांत शिरल्याशिवाय पटत नाही.

२. काटछेद आणि दोन रेषा

नदीचा नकाशा आपण वरून पाहतो: निळी, वळणं घेत जाणारी रेघ. अभियंता तिला आडवी कापून पाहतो. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जमीन कुठे किती खोल आहे याची जी आकृती निघते, तिला काटछेद म्हणतात. पूर समजून घ्यायचा तर हा एवढा एक शब्द पुरतो.

नदीतून एका सेकंदाला किती पाणी जातं, हे तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळतं: रुंदी, खोली आणि वेग. पेपरात येणारा 'क्युसेक' म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. समजा धरणातून ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं आहे. मेट्रिक मापात ते सेकंदाला जवळपास १,००० घनमीटर होतं. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल, तर त्याला ५०० चौरस मीटरचा काटछेद हवा. पात्र १०० मीटर रुंद असेल तर पाणी ५ मीटर चढेल. आता कुणी भराव टाकला, कुणी राडारोडा लोटला, कुणी रस्ता उचलून घेतला, असं करत त्यातले २० मीटर गेले. उरलेल्या ८० मीटरमधून तेवढंच पाणी न्यायचं तर खोली सव्वासहा मीटर लागते. वाढलेले सव्वा मीटर काठावरच्या तळमजल्यावर पलंगाच्या वर पोचतात. प्रत्यक्ष नदीत वेगही बदलतो, म्हणून आकडा हुबेहूब असाच येणार नाही. दिशा मात्र हीच राहते.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधकाम करायचं नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींसह परवानगी. मुठेसाठी हे पूर अनुक्रमे ६० हजार आणि १ लाख क्युसेक धरलेले आहेत. (१२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर या हिशेबात बसत नाही. तो धरण फुटल्याचा पूर होता.)

आता २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं, निळ्या रेषेच्या आकड्याच्या बरंच खाली. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं आणि लोकांना बोटीतून काढावं लागलं. रेषा ज्या काटछेदावर मोजलेली असते तो काटछेद पुढे तसाच राहतो, असं कागद मानतो. पात्रात टाकलेल्या भरावाला हे माहीत नसतं.

दुसरं कारण धरणाच्या खाली सापडतं. खडकवासला आणि शहर यांच्यामध्ये टेकड्या आहेत, ओढे आहेत, आता इमारतीही आहेत. या भागावर पडलेला पाऊस कोणत्याही धरणात न अडता थेट नदीत येतो. याला मुक्त पाणलोट म्हणतात. नळ घट्ट बंद केला म्हणून पन्हळीतून अंगणात पडणारं पाणी थांबत नाही, तसंच हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जी दाणादाण उडवली, त्यात माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. ते सगळं पाणी ओढ्याचं होतं.

म्हणजे पुराच्या एकाच प्रश्नात विसर्ग जलसंपदेचा, भराव महापालिकेच्या हद्दीतला, ओढ्यावरची बांधकाम परवानगी नगररचना विभागाची, पात्राची जमीन महसुलाची. प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलं असं दाखवता येतं, आणि तरी पाणी घरात येतं.

३. शुद्ध केलेल्या पाण्याने नदी शुद्ध होते का?

दुसरा नेहमीचा प्रश्न: "मैलाशुद्धीकरण प्रकल्प बांधले की झालं ना?"

इथे एक माप समजून घ्यावं लागेल, बीओडी. पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातली घाण पचवायला किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, तो आकडा म्हणजे बीओडी. आकडा जितका मोठा, तितका माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी. आंघोळीयोग्य नदीसाठी देशाचं मानक आहे ३ किंवा त्याहून कमी. आजच्या चांगल्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० च्या आसपास असतो.

थोडी बेरीज-वजाबाकी करू. प्रकल्पातून आलेलं १ लिटर पाणी, बीओडी १०. त्यात धरणाचं स्वच्छ पाणी मिसळायचं, बीओडी १ धरू. मिश्रण ३ वर आणायला स्वच्छ पाणी किती लागेल? साडेतीन लिटर. करून पाहा: १० अधिक साडेतीन म्हणजे साडेतेरा, भागिले एकूण साडेचार लिटर, उत्तर ३. म्हणजे शहरातला शेवटचा थेंब प्रकल्पातून गेला, प्रकल्प कधीही बंद पडला नाही, तरीसुद्धा त्याच्या साडेतीनपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असल्याशिवाय ती आंघोळीच्या लायकीची होत नाही.

आणि मुठेत फेब्रुवारीपासून जूनपर्यंत स्वच्छ पाणी किती असतं? जवळजवळ नाही. धरणातलं पाणी जलवाहिनीने शहराला जातं, कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला जातं. पात्रात उरतं ते शहराने वापरून टाकलेलं.

जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जावर ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प उभारायची योजना पुण्याने हाती घेतली. त्यांची एकत्रित क्षमता रोज सुमारे ४० कोटी लिटर. खर्चाचा अंदाज सुरुवातीला ९९० कोटी रुपये होता, २०२२ मध्ये तो १,४७० कोटींच्या वर गेला होता. प्रकल्प हवेतच, त्याबद्दल वाद नको. पण नदीची अर्धी चावी महापालिकेकडे आणि अर्धी कालव्याच्या दारावर असते, हे ही बेरीज सांगते.

४. चिखल, गोटे, वाळुंज

काठाबद्दल थोडंसंच, कारण तत्त्व सोपं आहे. उथळ पाणी गोट्यांवरून खळाळतं तेव्हा त्यात हवेतला प्राणवायू मिसळतो. वाळुंज, करंज, उंबर यांच्या सावलीत पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त टिकतो. मुळं काठ धरून ठेवतात. बंधारा घालून पाणी साठवलं की ते दिसायला भरलेलं दिसतं, पण थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो आणि जलपर्णीला हवं ते सगळं मिळतं.

पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये 'इकॉलॉजिकल सोसायटी' सुरू केली, आणि तेव्हापासून पक्षी आणि नदीची प्रकृती यांचा संबंध इथे सांगितला जातो आहे. येरवड्याच्या बाजूला काठाचा एक तुकडा डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखला जातो. पक्षी पाहणारे आजही तिथे पहाटे दिसतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे मोठ्या संख्येने दिसले की नवखा माणूस खूश होतो. जाणकार मात्र कपाळाला आठ्या घालतो, कारण शेकाट्यांना घाण पाणीही चालतं. ही अशी माहिती कोणत्याच खात्याच्या तक्त्यात नसते, ती या माणसांच्या वह्यांत असते.

५. म्युनिकने काय केलं?

जर्मनीतल्या म्युनिक शहरातून इझार नदी वाहते. आल्प्समधून येणारी, गोटे लोटत आणणारी, पसरट नदी. वीजनिर्मितीसाठी आणि पुराच्या भीतीने तिला शहरात सरळ, दगडी काठांच्या चरात घातलं होतं. वरचं बरंचसं पाणी वीजकेंद्रांच्या कालव्यात जायचं आणि पात्रात झिरप उरायची. आपल्याला हे ओळखीचं वाटावं.

१९९५ मध्ये बव्हेरिया राज्याचं जल खातं आणि म्युनिक शहर यांनी एकत्र कामाला सुरुवात केली. उद्दिष्टं तीन ठेवली: पूर सुरक्षितपणे जावा, नदीला नैसर्गिक रूप मिळावं, लोकांना काठावर बसता-पोहता यावं. निसर्ग संस्था, मासेमारी करणारे आणि इतर नदीप्रेमी यांनी आपली वेगळी आघाडी केली आणि तीही या चर्चेत आली. प्रत्यक्ष काम २००० मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये संपलं. लांबी ८ किलोमीटर, खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो, आणि तो राज्य व शहर यांनी वाटून घेतला. आठ किलोमीटरला अकरा वर्षं! आपल्याकडे या वेगाला 'रखडलेला प्रकल्प' म्हणतील.

त्यांनी काटछेद मोठा केला. काठावरची पुराची कुरणं खोदून काही ठिकाणी पात्र ५० मीटरवरून ९० मीटरपर्यंत रुंद केलं. दगडी काठ काढून टाकले आणि कुठे काठ कापायचा ते बरंचसं नदीवर सोडलं. पूर थोपवणाऱ्या बांधांवर जुनी झाडं होती. नियमाप्रमाणे ती तोडायला हवी होती, कारण मुळांमुळे बांध कमजोर होतो. त्याऐवजी बांधाच्या आत भक्कम भिंत घालून झाडं वाचवली. म्हणजे झाडांचा आग्रह धरणाऱ्यांचा प्रश्न अभियंत्यांनी अभियांत्रिकीनेच सोडवला.

पाण्यासाठी वीज कंपनीशी वाटाघाटी झाल्या आणि पात्रात सोडायचं किमान पाणी सेकंदाला १२ घनमीटरपर्यंत वाढवून घेतलं. कंपनीला त्यात वीज गमवावी लागली. पोहण्यासाठी जंतू कमी करायचे तर शहरात काही करून उपयोग नव्हता, घाण वरच्या गावांकडून येत होती. म्हणून वरच्या गावांच्या शुद्धीकरण केंद्रांत उन्हाळ्याच्या मोसमात अतिनील किरणांनी जंतू मारायची सोय केली. पूर, पाणी, मैला: आपण वर जे तीन हिशेब पाहिले, ते तिन्ही तिथे एकाच टेबलावर आले.

भांडणं झाली नाहीत असं मुळीच नाही. शहराच्या मध्यभागातल्या शेवटच्या टप्प्यासाठी २००३ मध्ये स्पर्धा घेतली, आणि पहिला क्रमांक सरळ रेषांच्या, शहरी दिसणाऱ्या आराखड्याला मिळाला. नदीप्रेमी खवळले. दुसऱ्या क्रमांकाचा आराखडा नैसर्गिक वळणांचा होता. सभा, टीका, पुन्हा सभा असं होत शेवटी दोन्हीतलं घेऊन तिसरंच काहीतरी बांधलं. स्पर्धेचा निकाल लागला म्हणून विषय संपला, असं कुणी म्हटलं नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

६. हरकती-सूचना आणि एकत्र बसणं

पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या काठांसाठी नदीकाठ सुधार योजना आखली गेली. आराखडा अहमदाबादच्या एका वास्तुरचना संस्थेने केला. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हा ९ किलोमीटरच्या टप्प्याचा खर्च १,०८० कोटी रुपयांहून अधिक सांगितला होता. महापालिकेची भूमिका अशी, की काठ सलग होतील, लोक नदीकडे वळतील, अतिक्रमणं थांबतील आणि पूर वाहून नेण्याची क्षमता घटणार नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, की भराव आणि बंधाऱ्यांनी काटछेद अडेल आणि मैलापाणी थांबण्याआधी काठ सजवण्यात अर्थ नाही. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेलं. २०२३ च्या उन्हाळ्यात झाडं तोडण्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले. या वादाच्या निमित्ताने राम नदी मुळेला मिळते त्या संगमाजवळची दाट झाडी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

कोण बरोबर, याचा निवाडा या पुस्तकात होणार नाही. पण क्रम पाहा. आराखडा तयार, सादरीकरण तयार, मग हरकती-सूचना. ज्याच्याकडे पक्ष्यांची वही आहे, ज्याच्या घरात २०२४ ला पाणी शिरलं, ज्याला ओढ्याची जुनी वाट ठाऊक आहे, त्याला बोलावलं जातं ते रेघा मारून झाल्यावर. तेव्हा त्याच्या हातात 'हो' किंवा 'नाही' एवढंच उरतं. तो 'नाही' म्हणतो आणि विकासविरोधी ठरतो.

एकत्र नियोजनात उलटं करतात. आधी सगळ्यांनी मिळून आकडे मान्य करायचे: आजचा काटछेद मोजून, कोणत्या नाल्यातून किती मैलापाणी येतं ते नाल्याच्या तोंडाशी उभं राहून, कोणती झाडं आणि कुठली कपार ठेवायचीच ते चालत जाऊन. आकड्यांवर सह्या झाल्या की मग रेघा. वेळ लागतो, आणि निवडणुकीच्या आत फीत कापता येत नाही.

या कामाची सुरुवात पुण्यात नागरिकांनी केलेली आहे. 'जीवितनदी' ही संस्था नदीकाठाचे तुकडे दत्तक घेण्याची कल्पना घेऊन काम करते, लोकांना काठाने चालवत नेते, निरीक्षणं लिहून ठेवते. विठ्ठलवाडीच्या घाटाशी रविवारी सकाळी पाण्याचे नमुने घेणारी मुलं पाहिली की कुणी म्हणेल, याने काय होणार? एक तर नक्की होतं: पुढच्या सभेत अभियंता "तिथे झरे नाहीत" म्हणाला तर "आहेत, या, दाखवतो" म्हणणारा कुणीतरी तिथे असतो.

७. पाऊण टीएमसी

ज्या टेबलाची आपण कल्पना करतो आहोत, त्याचा एक नमुना जिल्ह्यात पूर्वीपासून आहे. कालवा सल्लागार समिती. पालकमंत्री, जलसंपदेचे अधिकारी, आमदार आणि महापालिका एकत्र बसतात आणि शहराला किती, शेतीला किती आवर्तनं, हे ठरवतात. तिथे खडाजंगी होते, पण कोणीही उठून निघून जात नाही, कारण पाणी सगळ्यांनाच हवं असतं. देवाणघेवाणही होते: शहराने मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीसाठी कालव्यात द्यायचं, ही अट याच ओढाताणीतून आलेली आहे.

या टेबलावर शहराची खुर्ची आहे, दौंड-इंदापूरची आहे. नदीची नाही. समजा ती असती. तिने किती मागितलं असतं? म्युनिकइतकं सेकंदाला १२ घनमीटर मागायला मुठा काही तेवढी मोठी नाही. एक घनमीटर धरू. पाऊस संपल्यावरचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस, रात्रंदिवस सेकंदाला एक घनमीटर स्वच्छ पाणी. एका दिवसात ८६,४०० सेकंद, गुणिले २४०, म्हणजे सुमारे २ कोटी ७ लाख घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. मागणी झाली पाऊण टीएमसीच्या आत. चारही धरणांची मिळून साठवणक्षमता २९ टीएमसीच्या थोडी वर आहे, त्यातले अडीच टक्के.

एवढ्याने नदी आंघोळीची होणार नाही, आपली साडेतीनपटीची बेरीज आडवी येईल. पण मे महिन्यात विठ्ठलवाडीच्या खाली पात्र ओलं राहील, गोट्यांवरून पाणी खळाळेल, आणि शुद्धीकरण प्रकल्पांना मिसळायला काहीतरी मिळेल. हे अडीच टक्के शहराच्या गळक्या जलवाहिन्यांतून काढायचे, उसाच्या एका पाळीतून काढायचे, की दोघांनी थोडे थोडे सोसायचे, यावर इंदापूरचा शेतकरी आणि कोथरूडचा फ्लॅटधारक सहज एकमत होणार नाहीत. त्यांना समोरासमोर बसवायला जागा आहे, तारीख ठरलेली असते, पालकमंत्री अध्यक्ष असतात. विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी लागेल.